मावशींचा अकरावा नियम

मावशींना बसलेलं मी दोन वर्षांत एकदाच पाहिलं, आणि तेही माझ्यामुळे.

एरवी, गाडी चालवणं सोडलं तर, त्या उभ्याने जेवायच्या, चालत चालत फोनवर बोलायच्या आणि टीव्ही बघताना हातात फडकं घेऊन टीव्हीच पुसायच्या. हॉलमध्ये तीन माणसांचा चांगला सोफा होता, पण त्याच्यावर कायम धुतलेले कपडे बसलेले असत. "बसली की संपली बाई," असं त्यांचं म्हणणं. कोण संपली आणि कशी, हे विचारायची सोय नव्हती, कारण तोवर त्या दुसऱ्या खोलीत पोचलेल्या असायच्या.

मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होते. गाव चँडलर, अ‍ॅरिझोना. साल दोन हजार सहा. कंपनीने पुण्याहून उचलून आणून तिथल्या उन्हात ठेवलेली मी पंचवीस वर्षांची मुलगी, गाडी चालवता येत नव्हती आणि तोंड मात्र चांगलं चालत होतं. मराठी मंडळातल्या एका काकूंनी सांगितलं, "नागपूरच्या एक मावशी आहेत, एकट्याच असतात, खोली देतात. पण जरा वेगळ्या आहेत हं." मी खोली बघायला गेले. दार उघडलं गेलं, एका बारीक, काटक बाईने माझ्या पायांकडे बघितलं आणि ती आत निघून गेली. मी चप्पल काढून उंबऱ्यात उभी. आतून आवाज आला, "ये ना बाप्पा! काहून उभी आहे? एसी बाहेर चालला सगळा."

मावशी चिप बनवणाऱ्या कारखान्यात तंत्रज्ञ होत्या. आठवड्यातले चार दिवस बारा तासांची पाळी. तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालायचा, फक्त डोळे उघडे, आणि धुळीचा एक कण आत आला तर गुन्हा. अठरा वर्षं त्या धुळीशी भांडत होत्या. घरी आल्या की पहिलं काम काय, तर कपाटातून विकतच्या बारीक धुळीचा डबा काढायचा, ती धूळ एका काचेच्या वाडग्यात ओतायची आणि तो वाडगा पिंजऱ्यात ठेवायचा. मग दोन प्राणी त्यात लोळायचे, उलटेपालटे व्हायचे, सगळ्या हॉलभर धुरळा उडवायचे आणि मावशी समोर उभ्या राहून म्हणायच्या, "करा, करा आंघोळी. माझा जन्म गेला ती झाडण्यात."

हे प्राणी म्हणजे डेगू. नाव मीही तिथेच पहिल्यांदा ऐकलं. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरातला उंदराचा भाऊबंद, खारीएवढा, शेपटीला झुपका, दात नारिंगी. दिवसा जागतात आणि अखंड बोलतात. मावशींच्या मुलाने कॉलेजात असताना त्या दोघी आणल्या होत्या आणि नोकरी लागल्यावर "आई, जस्ट टू वीक्स" म्हणून ठेवून कॅलिफोर्नियाला निघून गेला. त्या दोन आठवड्यांची चार वर्षं झाली होती. मावशींनी त्यांना नाव ठेवलं नव्हतं, नातं ठेवलं होतं: थोरल्या जाऊबाई आणि धाकट्या जाऊबाई. सकाळी सकाळी त्यांचं गवतावरून जे काही चालायचं ते ऐकून हे नाव चुकलं असं कुणी म्हणालं नसतं.

नियमांचं सांगायचं राहिलं. मावशींच्या फ्रिजवर पिवळ्या चिठ्ठ्या होत्या, आकडे घालून, सत्तावीस. 'फ्रिज पायाने लावू नये.' 'संध्याकाळी सातनंतर मिक्सर नाही.' 'मायक्रोवेव्हला सम आकडाच द्यावा.' 'ओला चमचा कोरड्या चमच्यात ठेवणारी मुलगी दुसरीकडे खोली बघेल.' मी पुण्याची. पाट्या वाचून न वाचल्यासारखं करण्यात आमच्या पिढ्या गेल्या. मी सगळ्या चिठ्ठ्या एकदा वाचल्या, फोनवर मैत्रिणीला वाचून दाखवल्या, दोघी पोट धरून हसलो आणि विषय संपला. त्यात अकरावी चिठ्ठी होती: 'जावांना गोड नाही. फळ नाही. बिलकुल नाही.' ती सम आकड्याच्या चिठ्ठीच्या शेजारीच चिकटवलेली होती, आणि मी दोघींना एकाच मापाने मोजलं.

पहिल्याच उन्हाळ्यात एसी बंद पडला. जुलै महिना, दुपारचे दोन, शनिवार. मेकॅनिक म्हणाला, पाच वाजतील. माणसं कशीबशी तग धरतात, डेगूंना ती गरमी सोसत नाही. मावशींनी तीन मिनिटं घरात येरझारा घातल्या आणि मग म्हणाल्या, "चल, गाडीत बस." मी मागच्या सीटवर, मांडीवर छोटा पिंजरा, त्यात दोघी जावा, आणि गाडीचा एसी फुल. आम्ही तीन तास चँडलरभर फिरलो. त्याच चार रस्त्यांवरून, त्याच सिग्नलांवरून, त्याच पेट्रोल पंपासमोरून नऊ वेळा.

"मावशी, मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून थांबूया ना सावलीत," मी म्हणाले.

"थांबून काय करायचं? थांबलं की विचार येतात."

"कसले?"

"तेच तर. चालती गाडी असली की येत नाहीत."

काका जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं. एका रविवारी दुपारी सोफ्यावर शेजारी शेजारी बसले असताना गेले. मावशींना वाटलं डुलकी लागली आहे, म्हणून त्या तासभर हलल्या नाहीत. हे त्यांनी मला कणीक मळताना सांगितलं, माझ्याकडे पाठ करून, आणि लगेच विचारलं, "तूप संपलं का गं?"

रविवार त्यांना भारी जड जायचा. त्या दिवशी त्या फर्निचर हलवायच्या. मी सोमवारी उठून बाहेर यायचे तर टेबल खिडकीपाशी आणि टीव्ही जेवायच्या जागेत. एकच गोष्ट ठरलेली असे. सकाळी दहाला त्या गाजर सोलायला घ्यायच्या, आणि सोलाण्याचा पहिला खर्रकन आवाज झाला की थोरली जाऊ पिंजऱ्याच्या पुढच्या कोपऱ्यात येऊन दोन पायांवर उभी. पुढचे हात छातीशी जोडलेले. मग मावशी नखाएवढा तुकडा तिला, नखाएवढा धाकटीला. आठवड्यातून एवढंच. "गाजर पण जास्त नाही चालत यांना," त्या म्हणायच्या. "पण रविवार आहे ना."

आता माझं पाप.

निघताना आईने बोटाच्या पेराएवढा चांदीचा गणपती दिला होता आणि बजावलं होतं, "रोज काहीतरी गोड ठेव पुढे. काही नसलं तर दोन बेदाणे ठेव, पण हात रिकामा नको." मी तशी फार देवभोळी नाही, पण घरापासून इतकं लांब आल्यावर आईचं एक तरी ऐकावं असं वाटायला लागतं. रोज सकाळी मी दोन बेदाणे ठेवायचे. प्रश्न पुढे होता. मला बेदाणे आवडत नाहीत. शिऱ्यातलेही मी वेचून ताटाच्या कडेला लावते. आणि प्रसाद टाकायचा नसतो. पुण्यात धाकट्या भावाच्या तोंडात कोंबला असता. इथे हॉलमध्ये दोन तोंडं होती, बरोबर दोन, आणि दोन्ही उंदराच्या कुळातली. गणपतीचा प्रसाद उंदराने खाल्ला तर वावगं काय आहे? मला तर वाटायचं, पुण्यच लागतं आहे.

मावशी पहाटे पाळीवर गेल्या की मी एक बेदाणा थोरलीला द्यायचे, एक धाकटीला. मावशींच्या सुट्टीच्या दिवसांचे वाटीत साठवून ठेवायचे आणि पुढे एकदम द्यायचे. म्हणजे नियम मला पक्का माहीत होता, हे उघडच आहे. मला तो फक्त खरा वाटला नव्हता. थोरली माझी पावलं ओळखायला लागली. मी खोलीतून बाहेर आले की जाळीला येऊन चिकटायची. मावशींना याचं कोण कौतुक! "बघ, तुला ओळखून राहिली. कोणाजवळ जात नाही ती. तुझ्या हातात काहीतरी आहे पोरी." वर्षभर मी हे कौतुक अंगावर मिरवलं.

दोन हजार आठच्या जानेवारीत थोरली सारखी पाणी प्यायला लागली. मग तिच्या डोळ्यांत दुधासारखं काहीतरी दिसायला लागलं. असल्या प्राण्यांची डॉक्टर मेसा गावात होती. तिने सांगितलं, मधुमेह आहे, त्यामुळे मोतीबिंदू. यांच्या शरीराला साखर झेपत नाही, थोडीथोडी रोज गेली तरी पुरते. तिने विचारलं, "घरात गोड काही मिळतं का हिला?" मावशी ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "नेव्हर. ओन्ली कॅरट. संडे."

मी शेजारीच होते. गप्प बसले.

का, ते आजही मला धड सांगता येत नाही. घरातून काढतील ही भीती होती, पण तेवढीच नव्हती. त्यांच्या घरात त्या प्राण्याने ओळखलेली एकटी मी होते, आणि ते मला सोडवत नव्हतं. बेदाणे त्या दिवसापासून बंद केले. थोरली मात्र रोज सकाळी माझी पावलं ऐकून जाळीपाशी यायची, आणि मी नजर चुकवून ऑफिसला जायचे. डोळे तिचे गेले होते, नजर मी चुकवत होते.

मावशींनी गाजर बंद केलं. नुसतं तिला देणं नव्हे, घरात आणणंच. सोलाण्याचा आवाज ऐकून ती उभी राहील म्हणून काकडीसुद्धा सालासकट खायला लागल्या. "मीच केलं," त्या चालता चालता म्हणायच्या. "रविवार रविवार करून मीच केलं."

त्यात एप्रिलमध्ये मुलाचा फोन आला. सुनेला दिवस गेले होते, आईने यावं, आता एकटीने राहू नये. मावशींची पाळीही कारखान्यात बंद होणार होती. घर विकायचं ठरलं. पण कॅलिफोर्नियात डेगू पाळायला बंदी आहे. मावशींनी हे कळल्या दिवशी स्वयंपाकघरातलं सगळं सामान काढून परत लावलं. मुलगा स्पीकरवर होता.

"आई, कुणालातरी देऊन टाक."

"कोणाला?"

"इट्स टू ओल्ड रोडंट्स, आई. आणि एक तर सिक आहे. व्हेटला विचार, पुट हर टु स्लीप करता येतं. शी वोंट सफर."

"तू दोन आठवडे म्हणाला होता," मावशी म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. मी तुला काही बोलली?" आणि फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "यांना घर मिळालं नाही तर मी जाऊन नाही राहिली. बाळंतपण त्यांचं ते करतील."

नातवंडासाठी ती बाई मनातून किती आसुसली होती हे मला दिसत होतं. रोज दुकानातून येताना लोकरीचा एक गुंडा आणायच्या, आणि उभ्याने विणायच्या.

घरशोध सुरू झाला. किराणा दुकानाच्या बोर्डावर चिठ्ठी लावली, इंटरनेटवर जाहिरात मी टाकली. मावशींनी अडीच पानी पत्र इंग्रजीत लिहिलं, घेणाऱ्याला द्यायचं. त्यात गवत कुठलं, तापमान किती, शेपटी धरून का उचलू नये, आणि आजाराबद्दल एक वाक्य: 'आय गेव्ह टू मच कॅरट. इट इज माय फॉल्ट.' मी त्यांचं इंग्रजी तपासून दिलं. त्या वाक्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती.

लोक यायचे आणि मावशी त्यांचीच मुलाखत घ्यायच्या. एसी किती डिग्रीवर? सुट्टीत कुठे जाता? एक फार सभ्य मुलगा आला, त्याने दोघींकडे बघून विचारलं, वजन किती असेल साधारण? मला वाटलं, किती बारकाईने चौकशी करतो आहे. मावशींनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "घरी दुसरं काय पाळलं आहे?" तो म्हणाला, अजगर. त्याला चहा संपवू दिला, हे मावशींचे संस्कार. पुढची वाक्यं त्याला समजली नसतील, कारण ती शुद्ध नागपुरी होती.

मंडळातलं एक कुटुंब आलं, दोन मुलं घेऊन. बाई चांगली होती. म्हणाली, "मावशी, धाकटीला आम्ही आनंदाने नेतो. पण ती आंधळी नको हो, मुलं घाबरतात." जून लागला होता, घर रिकामं करायला तीन आठवडे उरले होते. मी म्हणाले, निदान एक तरी मार्गी लागेल. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पोह्यांच्या बश्या उचलायला उठले. त्या बाईला त्या शांतपणे म्हणाल्या, "जावा आहेत त्या. एका घरात आल्या, एका घरात जातील."

शेवटी मेसाहून एका अमेरिकन बाईचा फोन आला. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, साठीपुढची, घरात आधीच तीन म्हातारे डेगू. आम्ही दोघींना घेऊन गेलो. प्राण्यांसाठी वेगळी थंडगार खोली, भिंतीवर तापमापक, कोपऱ्यात गवताच्या गोणी. मावशींनी सगळीकडे फिरून, खिडकीच्या फटीवर बोट फिरवून पाहिलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "बाई स्वच्छ आहे."

बाईने चष्मा लावून पत्र वाचलं. त्या वाक्यावर थांबली.

"आठवड्याला एवढंसं गाजर?" ती म्हणाली. "एवढ्याने इतकं होईल असं मला वाटत नाही. हिला दुसरं काही गोड मिळत होतं का? मी दोष द्यायला विचारत नाही. दोघींनी तेच खाल्लं असेल तर धाकटीलाही आजार सुरू झाला असेल. मला माहीत असेल तर मी वेळेवर तपासून घेईन."

"नो शुगर," मावशी म्हणाल्या. "आय अ‍ॅम व्हेरी स्ट्रिक्ट."

धाकटी गवत खात होती. तिचे डोळे अजून काळेभोर होते.

"मावशी," मी म्हणाले, "बेदाणे."

"काय?"

"मी देत होते. वर्षभर. रोज एकेक, दोघींना. देवापुढचे. तुम्ही पाळीवर गेल्यावर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मागे हात करून काहीतरी चाचपलं आणि गवताच्या गोणीवर बसल्या. ती बस चालवणारी बाई चष्मा हातात घेऊन उभी होती. तिला एक शब्दही कळला नव्हता.

"म्हणजे गाजराने नाही झालं," मावशी म्हणाल्या.

"नाही."

"पाच महिने मी तिला गाजर नाही दिलं."

मी सॉरी म्हणाले. त्यांनी ते ऐकलं नसावं.

"वाट पाहायची ती," त्या म्हणाल्या. "रविवारी कोपऱ्यात येऊन बसायची. मला वाटे, बरं आहे, दिसत नाही तिला."

मग त्या उठल्या, बाईच्या हातातून पत्र घेतलं, पर्समधून पेन काढलं, 'कॅरट' खोडलं आणि वर लिहिलं: बेदाणे, रोज, एक वर्ष, दोघींना. वाक्याची सुरुवात 'आय गेव्ह' अशी होती, ती तशीच राहिली. शेवटचं 'माय फॉल्ट'ही तसंच.

"मावशी, तिथे माझं नाव लिहा."

"तुझं नाव घेऊन काय करणार ती? घर माझं होतं."

बाईने पत्र पुन्हा वाचलं, मान हलवली आणि म्हणाली, सांगितलंत ते बरं केलंत, उद्याच दोघींना तपासून घेते. मावशींनी तिला विचारलं, "वन स्मॉल पीस? कॅरट? ओन्ली टुडे?" बाईने थोडा विचार केला, आपल्या करंगळीचं नख दाखवलं आणि फ्रिजमधून गाजर आणि सोलाणं आणून दिलं.

नवी खोली, नवा पिंजरा. थोरली अंग चोरून मागच्या बाजूला बसली होती. मावशींनी सोलायला घेतलं. पहिला खर्रकन आवाज झाला आणि ती उठली, चाचपडत चुकीच्या कोपऱ्यात गेली, दोन पायांवर उभी राहिली, हात छातीशी जोडून, भिंतीकडे तोंड करून. मावशी पिंजऱ्याला वळसा घालून त्या बाजूला गेल्या आणि जाळीतून तुकडा तिच्या तोंडाशी धरला. मला रडू आवरेना. मावशी रडल्या नाहीत. सोलाणं धुतलं, पुसलं आणि जागेवर ठेवलं.

परतताना चँडलरचा फाटा आला तसा मागे गेला. पुढचाही गेला. गाडी चालती राहू दे, एवढंच मला वाटत होतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "शिव्या द्यायच्या होत्या तुला. एक आठवून नाही राहिली." आणि थोड्या वेळाने, "नियम सत्तावीस नव्हते ठेवायला पाहिजे. एकच ठेवायचा होता."

थोरली ऑक्टोबरात गेली. धाकटीला आजार नव्हता, ती त्या तिघांबरोबर आणखी दीड वर्ष जगली. मेसाच्या बाईचा ईमेल आला की मावशी तो मला पुढे पाठवायच्या, वर एक अक्षर न लिहिता. फोन मात्र करायच्या, नातीला कडेवर घेऊन येरझारा घालत, त्यामुळे त्यांचा आवाज जवळ यायचा आणि लांब जायचा. बेदाण्यांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मी काढायला गेले की विचारायच्या, "जेवली का?"

चांदीचा गणपती अजून माझ्याकडे आहे. रोज सकाळी त्याच्यापुढे दोन बेदाणे ठेवते, आणि मग ओट्यापाशी उभ्याने दोन्ही मीच खाते. मला बेदाणे अजूनही आवडत नाहीत.